बंद गिरणीच्या साचेखात्यात नाच बसवायचा तर

आधी नाच ठरवायचा नाही. या कृतीतली ही पहिली पायरी, आणि सगळ्यांत जास्त वेळा मोडली जाते तीही हीच. बसवून तयार असलेला वीस मिनिटांचा तुकडा घेऊन मंडळी पडक्या गिरणीत जातात, गंजलेल्या खांबांपुढे तो करतात, फोटो सुरेख येतात आणि पुढच्या महिन्यात तोच तुकडा एखाद्या वातानुकूलित नाट्यगृहात जसाच्या तसा होतो. तसा तो होऊ शकत असेल, तर गिरणीत जाण्याचा खटाटोप कशाला? परवाने, धूळ, कबुतरे, जनरेटर एवढे सोसायचे तर त्या इमारतीबाहेर कुठेच उभा राहणार नाही असा नाच हवा.

खालची कृती मुंबईच्या कापडगिरणीतले साचेखाते, म्हणजे जिथे माग चालत ती शेड, डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. मुंबईत अशा शेड आता थोड्याच उरल्या आहेत. सोलापूर, अमळनेर, हिंगणघाट या गिरण्यांच्या गावांत किंवा एखाद्या बंद साखर कारखान्यात काम करणार असाल तर तपशील बदलेल; क्रम बहुतेक हाच राहील.

कोणती इमारत

गिरणीत शिरल्यावर नजर आधी उंच, बहुमजली सूतखात्याकडे जाते. तिकडे जाऊ नका. वरच्या मजल्यांच्या तुळया किती कुजल्या आहेत हे खालून कळत नाही, आणि बारा जणांनी एकाच मात्रेवर टाकलेला पाय म्हणजे बारा माणसांचे नुसते वजन नव्हे, तो घाव असतो. साचेखाते मात्र बहुधा जमिनीवरच असते. मागांचे हादरे मजल्यांना झेपत नसत, म्हणून ते एकमजली बांधत. आज त्याचा फायदा आपल्याला मिळतो: पायाखाली भक्कम जमीन, ओळीने बिडाचे खांब आणि वर करवतीच्या दातांसारखे छप्पर. त्या दातांची उभी बाजू काचेची असते आणि ती उत्तरेकडे तोंड करून असते, म्हणजे थेट ऊन आत येत नाही आणि दिवसभर सारखा, सावलीविरहित उजेड मिळतो. विणकराला कापडातला दोष दिसावा म्हणून केलेली ही सोय नाचणाऱ्याच्या अंगालाही तितकीच मानवते.

किल्ली कुणाकडे आहे

बंद गिरणीचा मालक शोधणे हे स्वतंत्र काम आहे. ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे असेल, खासगी कंपनीकडे असेल, नाहीतर न्यायालयाने नेमलेल्या अवसायकाकडे. फाटकावरच्या वॉचमनकाकांना विचारा. कागदावरचा मालक आणि रोजची किल्ली सांभाळणारा यांतला फरक त्यांना ठाऊक असतो. मालकाकडून मिळणाऱ्या पत्रात तारखा, वेळा, माणसांची संख्या, कोणते गाळे वापरणार आणि अपघात झाल्यास जबाबदारी कुणाची, हे सगळे लिहून घ्या. तोंडी होकारावर तालीम सुरू करू नका.

पुढचा कागद स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्याला सोबत घेऊन प्रत्येक गाळा फिरा आणि खडूने खुणा करून घ्या: इथे नाचा, इथून फक्त चाला, इथे पाऊलही टाकू नका. छपराच्या कैच्या, गंजलेले बोल्ट, लोंबणारे पत्रे यांच्याबद्दल त्याचा शब्द अखेरचा. त्यानंतर अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, स्थानिक पोलीस ठाणे, ध्वनिक्षेपकाची परवानगी (रात्री दहानंतर तो बंद), आणि प्रयोगात संहिता किंवा संवाद असतील तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. विमा काढा. परवानगीविना रात्री घुसून केलेल्या प्रयोगांची वर्णने ऐकायला रोमांचक असतात खरी, पण ती सांगणारे क्वचितच त्या जागेत दुसऱ्यांदा गेलेले असतात. आपल्याला तर तिथे अनेक दिवस राहायचे आहे.

झाडू आधी लावू नका

कोरडा झाडू मारणे ही इथली सर्वांत धोक्याची गोष्ट. जमिनीवर कबुतरांच्या विष्ठेची पूड असते, जुन्या कापसाचे तूस असते आणि छप्पर सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचे असेल तर तुटलेल्या तुकड्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. ही धूळ उडाली की सगळ्यांच्या छातीत. गिरणी चालू होती तेव्हा कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस कामगारांनी भोगला. त्याच शेडमध्ये धूळ छातीत घेण्याचे आपल्याला काही कारण नाही. तुटके पत्रे नर्तकांनी उचलायचे नाहीत, त्यासाठी हे काम जाणणारी माणसे बोलवा. बाकीची जमीन फवाऱ्याने हलकी ओली करा, एन-९५ मास्क लावा, ओलसर कचरा फावड्याने गोणीत भरा, मग पोछा.

उंदरांचा वावर असणारच, आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. म्हणून साचलेल्या पाण्यात अनवाणी पाय नाही, पायाला खरचटले असेल तर त्या दिवशी तालीम नाही. धनुर्वाताची लस सगळ्यांनी आधीच घेतलेली हवी. पावसाळ्यात हा उद्योगच करू नका. गळत्या छपरातून पडणाऱ्या पाण्यात नाच करण्याचा मोह होतो, पण तेलकट कोब्यावर पाणी पडले की तिथे उभेही राहवत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ धरा.

आता अणकुचीदार गोष्टी. दोरीला मोठे लोहचुंबक बांधून ते जमिनीवरून फिरवा, खिळे आणि लोखंडाचा कीस वर येतो. मग जुनी सुती ओढणी फरशीवरून सावकाश ओढा; जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. प्रत्येक तालमीपूर्वी हे पुन्हा करायचे, कारण रात्रीतून छपरातून काहीतरी खाली पडलेलेच असते.

साफ किती करायचे यालाही मर्यादा आहे. नाचाचे मार्ग लख्ख करा. भिंती, खांब, त्यांच्यावरचे रंगवलेले आकडे, हजेरीच्या खिडकीवरची अक्षरे यांना हात लावू नका. जर्मनीत एसेन शहरातल्या झोलव्हेराइन कोळसाखाणीत कामगारांच्या न्हाणीघराचे पुढे नृत्यकेंद्र झाले. पॅक्ट झोलव्हेराइन हे त्याचे नाव. तिथल्या भिंतींच्या टाइल्स तशाच ठेवल्या आहेत. इमारत कशासाठी होती हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही.

जमीन वाचा

आता कामाचा सर्वांत रसाळ भाग, त्याला वेळ द्या. माग भंगारात गेले, पण ते जिथे उभे होते तिथल्या खुणा जमिनीत उरतात. कापून टाकलेल्या बोल्टांची बुडे, त्यांच्याभोवती चौकोनी फिकट जागा, आणि मधल्या बोळांत वर्षानुवर्षे झिरपलेल्या तेलाचे काळे पट्टे. टेप घेऊन बसा आणि हे सगळे आलेखाच्या कागदावर उतरवा. दोन मागांमधला बोळ किती रुंद होता? ओळीत किती साचे, म्हणजे माग, होते? मुख्य वाट कोणती, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कुठून कुठे फिरत असेल? हा कागद म्हणजे तुमच्या नाचाचा पहिला आराखडा.

पूर्वी मुंबईत एका विणकराकडे साधारणपणे दोन साचे असत. तो मधल्या बोळात उभा राही आणि या साच्याकडून त्या साच्याकडे वळे. दिवसभर, अर्धी गिरकी इकडे, अर्धी गिरकी तिकडे. बोळाची रुंदी मोजून त्या पट्ट्यात उभे राहा आणि तसे वळून पाहा. हात पूर्ण पसरता येत नाहीत. कोपरे अंगाशी येतात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते, मान धडाच्या आधी वळते. इथली हालचाल अशी त्या रुंदीतूनच निघते. आपल्या नर्तकांना मोकळ्या रंगमंचाची सवय असते, त्यांना ही अडचण आधी खुपते, खुपू द्या.

बोल्टांची उरलेली टोके मात्र सपाट घासून घ्या किंवा त्यांवर रबरी टोप्या बसवा. जमिनीत पट्ट्यांचे, तारांचे जुने चर असतील तर त्यांवर जाड प्लायवूड ठोकून वर पिवळी पट्टी चिकटवा.

ज्यांनी तिथे काम केले त्यांना बोलवा

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. त्या पिढीतले जे आज हयात आहेत ते बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांतले काही अजून लालबाग-परळ-काळाचौकीच्या चाळींत राहतात. जाण्यापूर्वी थोडे वाचून जा. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या, म्हणजे याच भागातल्या, माणसांच्या तोंडच्या आठवणी पुस्तकरूपात आणल्या आहेत. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक वाचा किंवा पाहा. पण खरी शिकवणी शेडमध्येच.

या जुन्या कामगारांना खुर्ची देऊन मुलाखत घेऊ नका. खुर्चीत बसलेला माणूस संपाबद्दल बोलतो, पुढाऱ्यांबद्दल बोलतो, आणि त्याचे हात मांडीवर राहतात. त्यांना बोळात उभे करा आणि एवढेच विचारा: “काका, तुमचा साचा कुठे होता? कांडी संपली की काय करायचात?” मग हात आपोआप बोलू लागतात. धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) बाहेर काढणे, रिकामी कांडी (धोट्यातली धाग्याची नळी) काढून भरलेली बसवणे, धोटा परत आत. तुटलेले टोक दोन बोटांत धरून सांधणे. कापडावरून तळहात फिरवून दोष चाचपणे. पायांकडेही पाहा, कारण हात दाखवणाऱ्याला आपले पाय काय करताहेत याची जाणीव नसते आणि तिथेच सर्वांत खरी गोष्ट सापडते. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नसे, म्हणून खात्यात खुणा चालत. त्या खुणा विचारून घ्या: जॉबर येतोय, पाणी आण, चहा झाला का. मुद्रा शिकलेल्या नर्तकांना हे हस्तक फार लवकर आवडतात.

बायकांना विसरू नका. वाइंडिंग आणि रीळ खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, त्यांच्यावर देखरेखीला नायकिणी असत. पुढे गिरण्यांतून त्यांची संख्या घटत गेली. साचेखात्यात त्या नव्हत्या म्हणून त्या गिरणीतच नव्हत्या असा समज होतो.

जे दाखवतील त्यांना मानधन द्या आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या संमतीने नाव छापा. हालचाल त्यांची आहे. तुम्ही ती वापरणार आहात.

बसवणे

तीनच हालचाली निवडा, जास्त नको. समजा: कांडी बदलणे, धागा सांधणे आणि अर्धी गिरकी. पहिले काही दिवस त्या जशाच्या तशा करा. मग हातातली अदृश्य वस्तू काढून टाका, म्हणजे धोटा धरल्याचा अभिनय बंद. उरतो तो खांद्याचा झोक, मनगटाचा झटका, श्वास. तो लहान करा, मोठा करा, जमिनीवर आणा, दोन अंगांत वाटून द्या. अभिनय राहिला तर प्रेक्षक ‘हा विणकर आहे’ एवढे ओळखून मोकळा होतो आणि पुढे बघत नाही.

मग पुनरावृत्ती. गिरणीतल्या हालचालीचे मर्म तिच्या वारंवार होण्यात आहे. हालचालींचे एकच वाक्य आठ मिनिटे करत राहिले की नर्तक दमतो, आणि दमल्यावर जे बदलते ते बसवून येत नाही. मात्र जमीन दगडी किंवा कोब्याची आहे, ती लवत नाही. उड्या टाळा. नडगीची हाडे आणि टाचा यांचे नुकसान चटकन होते, कथकचा तत्कार तर अशा जमिनीवर लांबवूच नका. तत्कार हवाच असेल तर लाकडी पट्ट्यांवर १८ मिलिमीटर प्लायवूड टाकून चार बाय चारचा पाट करा. तो लवतो आणि आवाजही देतो.

गिरणगावाला नाच नवा नाही. कोकणातून आलेल्या कामगारांनी जाखडी आणली, मधे मृदंग आणि गाणारे, भोवती पायात चाळ बांधून फेर. चाळीचाळीत भजनी मंडळे होती. तुमच्या नाचात हे सजावटीसारखे चिकटवू नका, पण त्या भागातले एखादे मंडळ अजून टिकून असेल तर संगीतासाठी बाहेरून कुणाला आणण्याआधी त्यांना विचारा.

आवाज

शेडच्या मधोमध एक टाळी वाजवा आणि घुमणे विरेपर्यंत मोजा. तीन-चार सेकंद सहज निघतात. म्हणजे द्रुत लयीतले बोल एकमेकांत कालवले जातात. पखवाजाचा खर्ज सर्वत्र पसरून दिशाहीन होतो. झांजेचा टोला मात्र कुठून आला ते कळते.

दुसरी अडचण अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शेड ८५ मीटर लांब असेल तर या टोकाचा ठेका त्या टोकाला पाव सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय घेतली तर पाव सेकंद म्हणजे बरोबर एक मात्रा. त्या टोकाचे नर्तक ऐकून नाचले तर त्यांना वाटेल आपण लयीत आहोत, आणि समेवर ते एक मात्रा मागे असतील. प्रत्येक टोकाला वेगळा स्पीकर लावून हे सुटत नाही. मधल्या प्रेक्षकाला दोन्हीकडचे ऐकू येते.

उपाय डोळ्यांत आहे. अमेरिकन नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउनने १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात, जुन्या कारखान्या-गोदामांच्या वस्तीत, गच्च्यागच्च्यांवर नर्तक उभे केले आणि एकाची हालचाल पाहून पुढचा ती करी, अशी ती छपराछपरांवरून सरकत नेली. उशीर लपवायचा नाही, तोच बांधायचा. शेडमध्ये खांबागणिक एक नर्तक उभा करा आणि कांडी बदलण्याची हालचाल या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ द्या. जाताना ती थोडी बिघडेल. ते चालेल.

मागांचा ध्वनिमुद्रित खडखडाट लावायचा का, हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. माझे मत: नको. तो लावला की नाच त्याच्या तालावर जातो आणि शेड देखावा होऊन बसते. शिवाय ज्यांनी त्या शेडमध्ये आयुष्य काढले त्यांना तो आवाज सांगण्याची गरज नाही.

उजेड आणि आग

डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुढे वीसेक मिनिटे संधिप्रकाश टिकतो. साडेपाचला सुरू केलेला पाऊण तासाचा प्रयोग उत्तरेच्या काचांतून येणाऱ्या उजेडाच्या बळावर जवळजवळ पूर्ण होतो. शेवटच्या भागासाठी थोडे एलईडी दिवे जमिनीलगत, खांबांच्या आडून. गिरणीतली जुनी वायरिंग वापरायची नाही, आणि इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत ती जिवंत आहे असेच धरायचे. जनरेटर बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. प्रत्येक सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच. तारा वाटेत आल्या तर वर रबरी रॅम्प. धुराचे यंत्र नको. मशाली, पणत्या, मेणबत्त्या तर अजिबात नकोत: जमिनीत तेल मुरले आहे आणि फटींत तूस आहे.

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून चौदा माणसे गेली. जुन्या गिरणीच्या आवारात गर्दी जमवणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. बांबू-प्लॅस्टिकचे तात्पुरते मांडव, कापडी पडदे, ताडपत्र्या काही उभारू नका. विरुद्ध दिशांना किमान दोन दारे, दोन्ही उघडी, दोन्हींवर माणूस. अग्निशामक सिलिंडर कुठे आहे हे प्रत्येक नर्तकाला अंधारातही ठाऊक हवे; रंगीत तालमीत दिवे घालवून एकदा सगळ्यांना बाहेर काढून पाहा.

प्रेक्षक

माणशी दीड चौरस मीटर मोकळी जागा धरून संख्या काढा, मग तिच्यातून थोडी आणखी कमी करा. प्रेक्षक उभे राहून, चालत पाहणार असतील तर त्यांच्या वाटा मागांच्या बोळांतूनच आखा. स्वयंसेवक पुढे-मागे, बूट सक्तीचे, लहान मुले हाताला धरलेली. वृद्धांसाठी खुर्च्या, पिण्याचे पाणी आणि फिरती स्वच्छतागृहे ठेवा. बंद गिरणीत यातले काही नसते.

पहिला प्रयोग तिथल्या जुन्या कामगारांसाठी आणि शेजारच्या चाळींसाठी, विनामूल्य. भाषणे नाहीत, पुष्पगुच्छ नाहीत. ते प्रयोगाच्या मधेच बोलतील, एकमेकांना बोटे दाखवतील, कुणी उठून आपला साचा जिथे होता तिकडे चालायला लागेल. नर्तकांना आधीच सांगून ठेवा की थांबायचे नाही आणि त्यांची वाटही अडवायची नाही. चूक दाखवली, “धोटा असा नाही धरत,” असे कुणी म्हणाले, तर दुसऱ्या प्रयोगापूर्वी ते दुरुस्त करा.

आवरणे

चिकटपट्ट्या त्याच रात्री काढा, सकाळपर्यंत त्यांचा गोंद धरतो. आणलेली प्रत्येक वस्तू यादीवर टिक करून बाहेर न्या. चरांवरचे प्लायवूड काढायचे की ठेवायचे हे मालकाला विचारा. किल्ली वॉचमनकाकांच्या हातात देऊन लेखी पोच घ्या आणि त्यांच्या जादा तासांचे पैसे तिथेच चुकते करा. चित्रफितीची प्रत ज्यांनी हालचाली शिकवल्या त्यांच्या घरी पोचवा. लिंक पाठवून भागत नाही, पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि टीव्हीला लावून द्या. पोशाख पिशवीत बंद करूनच शेडबाहेर काढा, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, आणि बूट दाराबाहेर ओल्या फडक्याने पुसा. झटकू नका.